भुर्दंड शेवटी गिऱ्हाइकालाच
'शेजाऱ्यांशी व्यापार थांबला तर फक्त व्यापाऱ्यांचं नुकसान' असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. २०१९चा कांदा आठवा, सप्टेंबरमध्ये भारताने निर्यात बंद केली आणि नोव्हेंबरपर्यंत ढाक्यात भाव किलोला २०० टाकाच्या वर, शेवटी विमानाने कांदा आणावा लागला त्यांना! बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांदा घालू नको असं सांगितलंय, सगळे हसले पण टोमणा बरोबर बसला.

पाकिस्तानची तर वेगळीच तऱ्हा. २०१९लाच आपण त्यांच्या मालावर २०० टक्के आयात ड्युटी लावली, मग त्यांनी व्यापारच बंद केला, त्यानंतर काही माल दुबईवरून फिरून जाऊ लागला म्हणजे जादाचं भाडं, दलाली सगळं गिऱ्हाइकाच्या बोकांडी. २०२२च्या पुरात तिकडे भाज्या कडाडल्या तेव्हा त्यांचे अर्थमंत्री भारतातून भाजी आणायचं बोलले, राजकारणात तेही बारगळलं.

साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार, २००६पासून आहे म्हणे, पण दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के, आसियानवाल्यांचा, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाचा, २०च्या वर. सार्कची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची, शिखर परिषद २०१४नंतर झालेलीच नाही, मग हे सोडवणार कुठे बसून?