चांगल्या मालिका दिल्या की स्टेशनं आपोआप जोडली जातात म्हणे!

अँटेना_तिरका

परवाच्या "नवं टीव्ही नेटवर्क कसं उभं राहतं" या लेखात लेखकमहाशयांनी एका वाक्यात निकाल लावलाय : फॉक्स या नव्या अमेरिकी नेटवर्कने वेगळ्या धाटणीच्या मालिका दिल्या, प्रेक्षक तुटून पडले आणि नेटवर्कचे कार्यक्रम घरोघर पोचवणारी गावोगावची स्टेशनं आपणहून रांगेत उभी राहिली. खाली नेहमीप्रमाणे "माहितीपूर्ण, लिहीत राहा"चा पाऊस. तिथे उत्तर द्यायला घेतलं तर प्रतिसाद लेखापेक्षा लांब व्हायला लागला, म्हणून वेगळा धागा.

साहेब, क्रम उलटा आहे. आधी स्टेशनं, मग मालिका. फॉक्सचा मालक मर्डॉक, त्याने १९८६ च्या मार्चमध्ये मेट्रोमीडिया कंपनीची सहा स्टेशनं ताब्यात घेतली : न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, वॉशिंग्टन, ह्यूस्टन, डॅलस. परदेशी माणसाला परवान्यात हिस्सा घ्यायला मर्यादा, म्हणून आदल्या वर्षी गडी अमेरिकन नागरिक झाला. देशातल्या साधारण पाचातल्या एका घरात शिरायची सोय झाली. तेव्हा हातात मालिका किती? शून्य. "द सिम्पसन्स" आली १९८९ च्या डिसेंबरात.

मग उरलेल्या एकेका बाजारात, म्हणजे शहर-परिसरात, फिरती. तिथे एनबीसी, सीबीएस, एबीसी या तीन मोठ्या नेटवर्कांनी आपापलं स्टेशन कधीच धरून ठेवलेलं. उरतं कोण? स्वतंत्र स्टेशन, बहुतेक यूएचएफवरचं (१४ च्या वरचे क्रमांक, पोचायला कमजोर पट्टा), जुने चित्रपट नि जुन्या मालिका परत परत लावून दिवस काढणारं. त्याच्या मालकाला तुमच्या मालिकेची गोष्ट ऐकायची नसते. त्याचे प्रश्न ठरलेले : माझे किती तास घेणार, त्यातल्या किती मिनिटांच्या जाहिराती मी विकायच्या, आत्ता तिथे जे लावतोय ते काढल्याचं नुकसान किती, आणि गावातल्या दुसऱ्या स्टेशनला हेच देणार नाही ना. रविवार संध्याकाळसाठी त्याने चित्रपटांचा गठ्ठा काही वर्षांच्या कराराने घेऊन ठेवलेला असतो. दाखवला नाही तरी हप्ते चुकत नाहीत.

म्हणून फॉक्सने मागितलं काय, तर चिमूटभर. ९ ऑक्टोबर १९८६ ला नुसता रात्रीचा जोन रिव्हर्सचा गप्पांचा कार्यक्रम, नव्वदहून जास्त स्टेशनांवर. ५ एप्रिल १९८७ पासून रविवार. त्याच जुलैत शनिवार. सोमवार ते शुक्रवारला हात लावायला आणखी दोन वर्षं. आणि पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने दहाला नेटवर्क बंद. म्हणजे इतरांच्या बातम्या अकराला, तर या स्टेशनच्या दहाला, आणि त्या तासाची जाहिरात सगळी त्याच्याच गल्ल्यात.

रिव्हर्सचा कार्यक्रम आपटला, मे १९८७ मध्ये तिला काढलंही. स्टेशनं कार्यक्रमावर भाळून आली असती, तर त्याच आठवड्यात पळाली असती. पळाली नाहीत.

रविवारसंध्याकाळ

असहमत. जोडली जाणं आणि जोडली जाऊन उपयोगी पडणं यात फरक आहे. १९८७-८८ मध्ये ती स्टेशनं नावाला जोडलेली होती. शनिवारचे आकडे इतके पडले की मालक कुरकुरायला लागले. एनबीसीवाले "कोट-हँगर नेटवर्क" म्हणून हिणवायचे, कारण चित्र दिसायला अँटेनाला कपड्यांचा हँगर जोडायला लागतो म्हणे.

हे कधी बदललं? डिसेंबर १९९३. सीबीएसच्या नाकाखालून एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगच्या एनएफसी गटाचे हक्क, ४ वर्षांचे १५८ कोटी डॉलर. आणि पाचच महिन्यांत, मे १९९४ मध्ये, न्यू वर्ल्ड या स्टेशनमालक कंपनीची बारा स्टेशनं जुनी नेटवर्कं सोडून फॉक्सकडे. नकाशा उघडून बघा : डेट्रॉइट, अटलांटा, डॅलस, टँपा, फिनिक्स, मिलवॉकी. जिथे एनएफसीचा संघ, नाहीतर मिलवॉकीसारखे त्याचे हक्काचे प्रेक्षक, तिथे न्यू वर्ल्डचं स्टेशन. सीबीएसकडून फुटबॉल गेल्यावर त्या स्टेशनच्या रविवार दुपारी उरलं काय? शेवटी माल लागतोच. दुकान थाटून बसलात आणि माल नसेल तर माश्या मारा.

टॉवरवाला

अर्धंच सांगितलंत. मर्डॉकने न्यू वर्ल्डमध्ये ५० कोटी डॉलर घातले, २० टक्के हिस्सा घेतला. फुटबॉल बघून नव्हे, चेक बघून बारा स्टेशनं हलली. ज्याला तुम्ही माल म्हणताय ती जोडणीची खरेदी आहे. आणि दोनच वर्षांत पूर्ण कंपनीच विकत घेतली.

आता दोघांनीही न सांगितलेलं. भांडण मालिकांचं नव्हतंच, चॅनेल क्रमांकाचं होतं. २ ते ६ क्रमांकाला प्रक्षेपणाची कमाल शक्ती १०० किलोवॅट, ७ ते १३ ला ३१६, आणि १४ च्या वर यूएचएफला ५००० किलोवॅटपर्यंत परवानगी. वाचायला यूएचएफ भारी वाटतं. प्रत्यक्षात तेवढाच भाग व्यापायला ती ओतावी लागते, कारण यूएचएफ लहरी टेकडीमागे, इमारतीमागे पोचायला कुचराई करतात. विजेचं बिल बघून मालक घेरी येऊन पडतो. टीव्ही संचात यूएचएफ ट्यूनर सक्तीचा झाला तो १९६४ मध्ये. त्याआधी तर बहुतेक घरांत ते बटणच नाही. ड्यूमाँट हे चौथं नेटवर्क १९५५-५६ मध्ये आटोपलं ते कार्यक्रम वाईट होते म्हणून नव्हे. १९४८ ते ५२ नवे परवाने गोठवलेले, आणि उघडले तेव्हा बहुतेक बाजारांत व्हीएचएफवर (२ ते १३ क्रमांक) दोन-तीनच जागा. तिथे एनबीसी आणि सीबीएस आधीच बसलेले.

डेट्रॉइटच घ्या. डब्ल्यूजेबीके, चॅनेल २, सीबीएसचं दशकानुदशकांचं घर. डिसेंबर १९९४ मध्ये फॉक्सकडे गेलं. सीबीएसने गावभर दारं वाजवली, कुणी घेईना. एबीसी आणि एनबीसीवाल्या स्टेशनांना हलायचं कारण नव्हतं. शेवटी डब्ल्यूजीपीआर, चॅनेल ६२, हे छोटंसं स्टेशन २ कोटी ४० लाख डॉलरला विकत घ्यायला लागलं. देशातलं एक जुनं, मोठं नेटवर्क, मोटारींच्या राजधानीत, ६२ व्या क्रमांकावर. मिलवॉकीत ६ वरून ५८. कार्यक्रम तेच, प्रेक्षक तेच, आणि आकडे घसरले. म्हणजे माल तसाच असून गिऱ्हाईक गेलं ना?

रविवारसंध्याकाळ

पण चॅनेल २ ला हलवलं कशाने? फुटबॉलने. फिरून तिथेच आलात.

टॉवरवाला

चेकने. बाकी बोलायचं तर आकडे घेऊन या.

मराठी_प्रथम

अमेरिकेचं कौतुक पुरे झालं राव. तिकडे नेटवर्क स्टेशनला वर्षानुवर्षं पैसे मोजत आलं, आता स्टेशन नेटवर्कला मोजतं, ठीक. आमच्याकडे नवं मराठी चॅनेल काढा आणि आधी केबलवाल्याच्या पायावर डोकं ठेवा. कॅरेज फी, म्हणजे चॅनेल दाखवायचे केबलवाल्याने चॅनेलकडून घेतलेले पैसे, हा एक दरोडा आहे. चॅनेल कसं आहे हे कुणी बघण्याआधीच त्याचं रक्त शोषलेलं असतं. कितीतरी मराठी चॅनेलं यातच मेली. आणि हिंदी ढिगाने वर.

शेवटचा_मैल

दरोडा म्हणे. नियम वाचलाय का? ट्राय या सरकारी नियामकाच्या २०१७ च्या नियमात कमाल दर होता एसडीला (साधं चित्र) महिना २० पैसे प्रति ग्राहक, एचडीला (सुस्पष्ट चित्र) ४०. एमएसओकडे (गल्लीतल्या केबलवाल्यांना सिग्नल पुरवणारी मोठी कंपनी) पाच लाख ग्राहक असले तर महिन्याला एक लाख, एचडीचे दोन. तेही चॅनेल ५ टक्क्यांपेक्षा कमी लोक घेत असतील तरच पूर्ण. ५ च्या वर गेलात की पाऊणपट, १० च्या वर निम्मे, १५ च्या वर पाव, आणि २० टक्के घरांनी घेतलं की शून्य. २०२० मध्ये त्यावर महिना चार लाखांची टोपीही घातली. मराठी प्रेक्षक घेत नसतील तर तो केबलवाल्याचा गुन्हा कसा?

मराठी_प्रथम

कागदावर. प्रत्यक्षात "मार्केटिंग" नावाचं दुसरं बिल येतं. लँडिंग पेज कशाला म्हणतात हे सांगायला लावू नका. बॉक्स चालू केला की कुणी न मागता जे चॅनेल डोळ्यांसमोर येतं, ते फुकट येतं का? आणि क्रमांक? मराठीच्या गटात चौथ्या क्रमांकावर बसायचं की बावन्नाव्या, याचा भाव कुठल्या नियमात लिहिलाय?

नाक्यावरचा_हेडएंड

लँडिंग पेजचं खरं आहे. पण मुळात हे दुखणं डिजिटलच्या आधीचं. अ‍ॅनालॉगमध्ये जागाच मोजकी. व्हीएचएफच्या पट्ट्यातले क्रमांक म्हणजे सोन्याची नाणी. जुन्या संचांना आठ नाहीतर बाराच बटणं, आणि वरच्या पट्ट्यातलं, हायपर-बँडमधलं चॅनेल त्या संचात दिसायचंच नाही. दिसलं तर मुंग्या. गल्लीच्या टोकाच्या घरापर्यंत तीन अँप्लिफायर पडले की वरच्या पट्ट्याचा सिग्नल आधी मरतो. म्हणून प्रेक्षकसंख्या मोजायचे मीटर ज्या शहरांत होते तिथे चॅनेलं पैसे ओतायची आणि मीटर नसलेल्या तालुक्याला फुकटही विचारायची नाहीत. टॉवरवाल्यांचं डेट्रॉइटचं रडगाणं आणि हे एकच आहे, फक्त पैसे उलट्या दिशेने वाहतात. मुंबईत २०१२ च्या शेवटी आणि पुणे-नागपूर-नाशिक वगैरेत मार्च २०१३ ला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा जागेची टंचाई संपली. पैशांची सवय संपली नाही.

शेवटचा_मैल

आणि शेवटच्या केबलवाल्याला काय मिळतं ते कोण बोलणार? नेटवर्क फी, म्हणजे ग्राहकाचं जोडणीचं महिन्याचं भाडं, २०२४ पर्यंत कमाल १३० रुपये होती. दुसरा करार नसेल तर ५५ टक्के एमएसओचे, ४५ टक्के त्याचे. म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये. त्यात गल्लीतल्या अँप्लिफायरची वीज, तोडलेली वायर, खांबाचं भाडं, वसुलीला पोरगा. कॅरेज फीतला एक पैसा त्याच्यापर्यंत येत नाही. एमएसओला शिव्या द्यायच्या तर एमएसओ म्हणा, "केबलवाला" म्हणून सगळ्यांना एका काठीने हाकू नका.

मराठी_प्रथम

बिच्चारे! लोकल चॅनेलवर दिवसभर सोन्याच्या दुकानाच्या नि क्लासच्या जाहिराती कोण लावतं मग?

शेवटचा_मैल

लावतात. अमेरिकेतल्या स्टेशनने स्थानिक मोटारविक्रेत्याची जाहिरात लावली की "स्थानिक विक्री", आणि आमच्या पोराने लावली की चोरी. धन्य आहे.

अँटेना_तिरका

अहो लोकहो, धागा फॉक्सचा होता. कॅरेज फीचा वेगळा काढा.

मूळ मुद्द्यावर एक राहिलंच. फॉक्सने आठवड्याला पंधरा तासांच्या आत राहायचं ठरवलं त्यामागे स्टेशनांची सोय एवढंच कारण नव्हतं. त्या काळी "नेटवर्क" ठरलात की स्वतः दाखवलेल्या मालिकांच्या पुनर्विक्रीत हिस्सा ठेवता येत नसे. फॉक्सकडे तर अख्खा स्टुडिओ, त्याची कमाईच पुनर्विक्रीवर. नेटवर्कासारखं दिसायचं पण नेटवर्क ठरायचं नाही, ही सगळी कसरत.

आणि जिथे चौथं स्टेशनच नाही त्या छोट्या बाजारांचं काय, हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. १९९१ मध्ये फॉक्सनेट नावाची थेट केबलवरची सोय काढली. वॉर्नरच्या डब्ल्यूबी नेटवर्कने १९९५ मध्ये शिकागोचं डब्ल्यूजीएन उपग्रहावरून देशभर दाखवून भोकं बुजवली, आणि १९९८ पासून आकाराने शंभराव्या क्रमांकाखालच्या बाजारांत केबलवर खोटी "स्टेशनं" उभी केली : कार्यक्रम एका ठिकाणहून, मध्ये स्थानिक जाहिराती घुसवायला एक संगणक. टॉवर नाही, परवाना नाही.

रविवारसंध्याकाळ

बरं, मग २००६ चं सांगा. जानेवारीत यूपीएन आणि डब्ल्यूबी ही दोन छोटी नेटवर्कं मोडून सीडब्ल्यू हे नवं नेटवर्क जाहीर झालं. ट्रिब्यून कंपनीच्या आणि सीबीएसच्या स्टेशनांना जागा मिळाली, मर्डॉकची न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसमधली यूपीएन स्टेशनं उघड्यावर. महिन्याभरात त्यांनी माय-नेटवर्क-टीव्ही जाहीर केलं. तुमच्या सिद्धांताप्रमाणे आदर्श नेटवर्क : स्टेशनं स्वतःची, मोठ्या शहरांतली, पैसा मुबलक. मालिका मात्र दोन, रोजच्या रडक्या. तीन वर्षांत नेटवर्काची पाटी उतरवून जुन्या मालिका पुरवणारी सेवा झाली. बोला.

टॉवरवाला

बोलतो की. ती सेवा अजून चालू आहे. मालिका मेल्या, जोडणी जिवंत. याला तुम्ही माझ्या विरोधातला पुरावा म्हणता? आणि सीडब्ल्यूचं पुढचं वाचा. २०२२ मध्ये नेक्स्टार या स्टेशनमालक कंपनीने ७५ टक्के हिस्सा घेतला, पुढच्याच वर्षी सीबीएसने आपली आठ स्टेशनं काढून घेतली. फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को, सिअ‍ॅटल, डेट्रॉइट. एका पत्रावर मोठी शहरं गेली आणि नव्या मालकाला घरोघर स्टेशन शोधत फिरावं लागलं. मालिका तेव्हा कुठे होत्या?

रविवारसंध्याकाळ

ठीक आहे, मानलं : स्टेशनं नसतील तर मालिका घरात पोचत नाही. हा शोध लावल्याबद्दल आपला जाहीर सत्कार करू. पण तुम्हीही एवढं कबूल करा की १९९४ ला फुटबॉल नसतं तर तो ५० कोटींचा चेक न्यू वर्ल्डने वटवला असता, स्टेशनं मात्र सीबीएसकडेच ठेवली असती.

टॉवरवाला

काही ठिकाणी ठेवली असती. डॅलस आणि डेट्रॉइट नक्की. पण क्लीव्हलँड आणि कॅन्सस सिटीत एएफसी या एनएफएलच्या दुसऱ्या गटाचे संघ, ते सामने एनबीसीवर. तिथली स्टेशनंही त्याच करारात गेली, ती कुठल्या फुटबॉलसाठी?

मराठी_प्रथम

आणि कॅरेज फीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. बावन्नाव्या क्रमांकाचा भाव सांगा.