मोरपंखी आतून तपकिरी पडतेय, मदत हवी आहे

कोपरखैरणेला सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहतो. पहिला पाऊस झाल्यावर फाटकाच्या दोन बाजूंना मोरपंखीची दोन झाडं लावली. नर्सरीतून आणली तेव्हा दोन्ही कमरेएवढी, हिरवीगार. उजवीकडचं अजून मस्त आहे. डावीकडचं आतून तपकिरी व्हायला लागलं. आतली जुनी पानं वाळतातच, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. पण गेल्या पंधरवड्यात तपकिरी रंग टोकांपर्यंत आलाय, घराच्या बाजूने जास्त. हात फिरवला की भुसा पडतो.

जमीन भरणीची: वर वीतभर लाल माती, खाली मुरूम आणि डबर. दोन्ही खड्डे एकाच माळ्याने खणले, शेणखतही तेच. पाऊस थांबल्यापासून रोज संध्याकाळी एकेक बादली पाणी. डाव्या झाडापासून चार फुटांवर एसीचं बाहेरचं युनिट आहे, घरच्यांचा संशय त्याच्यावर, माझा बुरशीवर. शेजारी म्हणतात, आपल्या हवेत ही झाडं जगत नाहीत, काढून टाका. पण आईने शाळेत असताना याचंच पान 'विद्या' म्हणून वहीत जपलं होतं, आता नातीच्या वहीत जातं. काढायचं नाव काढायची सोय नाही.

कीटकनाशक मारू की बुरशीनाशक?

प्रतिसाद: इतक्यात काहीच मारू नका. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. बारीक ठिपके चालायला लागले तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवा, आतूनसुद्धा. दुसरं, नखाने फांदीची साल किंचित खरवडा. खाली हिरवं असेल तर फांदी जिवंत. आणि रोज बादली कशाला? माती दोन बोटं खोल कोरडी लागली तरच पाणी.

धागाकर्ता: कागदावर नुसती धूळ. वरच्या फांद्या हिरव्या आहेत, घराकडच्या खालच्या दोन आत तपकिरी.

प्रतिसाद: एसीच्या गरम हवेने आधी बाहेरची टोकं करपली असती. तुमचं आतून सुरू झालंय, म्हणजे मुळांत बघा. बुंध्याशी हलक्या हाताने उकरा. काही माळी घाईत पिशवी नुसती तळाला फाडून झाड खड्ड्यात ठेवतात.

धागाकर्ता: काय सांगू! काळी पिशवी जशीच्या तशी, तळाला एक चीर. आत चिकट लाल मातीचा गोळा, गाळासारखा वास. बाहेरच्या बाजूची मुळं काळी आणि मऊ. उजवीकडे उकरलं, तिथे पिशवी नाही. एकाच माळ्याने, एकाच दिवशी! पुढे काय करू?

प्रतिसाद: झाड उचला, पिशवी काढा, कुजलेली मुळं धारदार कात्रीने छाटा. पांढरी मुळं दुखवू नका, गोळा पूर्ण फोडू नका. मातीत जाड वाळू आणि थोडं शेणखत मिसळून, ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घालून, वीतभर उंचवट्यावर लावा, म्हणजे पुढच्या पावसात पाणी साचणार नाही. पालापाचोळा पसरा, पण बुंध्याला टेकवू नका. महिनाभर रासायनिक खत नको. वाळलेल्या फांद्या कापाल, पण मोरपंखीला जुन्या उघड्या लाकडावर सहसा पालवी फुटत नाही; ती बाजू भकासच राहील. लावताना ती भिंतीकडे करा.

धागाकर्ता: ती आधीपासून भिंतीकडेच आहे. रविवारी उचलतो. आईला पिशवीचं सांगितलं, तिने माळ्याचा नंबर मागितलाय.