म्यान, खोळ, गवसणी: कोणता शब्द कुठे?

प्रश्न: शस्त्रप्रदर्शनाचे फलक लिहायचे आहेत. तलवार, कट्यार, खंजीर या सगळ्यांना ‘म्यान’च म्हणायचे की लहान शस्त्राला ‘खोळ’ चालेल? ‘ते म्यान’ की ‘ती म्यान’? आणि त्याच्या धातूच्या भागांना काय म्हणतात?

— तिन्हींना म्यानच. शस्त्राची लांबी इथे पाहायची नाही. पात्याच्या मापाने घडवलेले, ताठ, एका तोंडाचे ते म्यान. खोळ आणि गवसणी कापडी, मऊ. गवसणी म्यानासकट शस्त्रावर चढते, त्यामुळे तुमच्याकडे दोन्ही असतील तर फलकावर दोन्ही वेगळी नोंदवा. लिंग नपुंसक: ते म्यान, म्यानातून उपसली. ‘तलवार म्यान केली’ हा प्रयोगही शुद्धच. अमरकोशात ‘कोश’ शब्दाचा ‘खड्गपिधान’, म्हणजे तलवारीचे आवरण, हा अर्थ आहे, पण फलकावर ‘कोश’ नको. वाचकाला आधी शब्दकोश आठवेल.

— भागांविषयी. तोंडाशी बसवलेली धातूची पट्टी ती मोहनाळ, टोकावरचे टोपण ती तहनाळ. आत हलक्या लाकडाच्या दोन पातळ फळ्या, पात्याच्या आकाराने कोरून सरसाने जोडलेल्या. वर चामडे किंवा मखमल. तहनाळ शोभेची नव्हे. ती नसेल तर पात्याचे टोक फळ्यांचा सांधा उकलून बाहेर येते. फलकावर ‘तहनाळ नाही’ एवढे दोन शब्द जरूर लिहा, जाणकाराला ते हवे असतात.

फार वाकड्या पात्याच्या काही म्यानांना तोंडाजवळ पाठीच्या बाजूने लांब चीर असते. ती मोडतोड समजून ‘भग्न’ लिहू नका. तेवढ्या बाकाचे पाते अरुंद तोंडातून निघतच नाही, म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते.

— हाताळणाऱ्यांना एक सूचना द्याच. तलवार काढताना-घालताना पात्याची पाठ लाकडावर टेकवून सरकवायची, धार नाही. धार टेकली की आतले लाकूड कापत जाते आणि एक दिवस सांधा फुटतो. म्यान धरताना बोटे धारेच्या बाजूला गुंडाळायची नाहीत. जुना सांधा उकललेला असेल तर बोटे कापतात.

साठवणीत पाते आणि म्यान वेगळे ठेवा. चामडे दमट हवेतला ओलावा धरते, कमावण्यातले आम्ल त्यात उरलेले असते, आणि पाते आतून गंजते. तेल लावून म्यानात ठेवणे हा उपाय नव्हे: तेल लाकूड-चामड्यात मुरते, पाते कोरडे पडते. पितळी तहनाळेवर चामड्यालगत हिरवा मेणचट थर दिसला तर तो कळंक. चामड्यातल्या चरबीने चढतो.

— कोकणातली कोयत्याची कमरेची आकडी याच दालनात असेल तर तिला मात्र म्यान लिहू नये. तिच्यात कोयता अडकवतात, पाते उघडेच राहते. नेपाळी खुकरी असेल तर तिच्या म्यानाला तिथे ‘दाप’ म्हणतात. त्यात कर्द आणि चकमक या दोन छोट्या पात्यांचे कप्पे असतात, ते रिकामे असले तरी नोंदवा.