नवा डिझेल पिकअप घ्यावा का? डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) धास्ती वाटते

निफाडचा बागायतदार
राम राम मंडळी. जुना पिकअप काढून बीएस-6 (धुराच्या नव्या नियमातला) डिझेल पिकअप घ्यायचा विचार आहे. सीझनला पिंपळगाव बसवंतची रोजची खेप, अधूनमधून वाशी मार्केट. गावातला मेकॅनिक म्हणतो, नव्या गाडीचा सायलेन्सर चोकअप होतो, सेन्सरची कटकट असते, नको घेऊ. वापरणाऱ्यांनी खरं काय ते सांगा.

नारायणगावकर
दादा, मी माळशेज घाटाने टोमॅटो वाशीला नेतो. गाडी घ्या, मी खूश आहे. जुनी गाडी भरलेली असली की चढाला काळा धूर ओकत रखडायची. ही कमी आरपीएमलाच ओढते आणि पॉवर स्टिअरिंगमुळे पहाटे मार्केटला पोचल्यावर खांदे भरून आलेले नसतात. रिकामी मात्र मागून उसळते, पाटे (मागच्या स्प्रिंगा) लोडसाठीच असतात. पावसात रिकाम्या गाडीला वळणावर जपा.

आता डीपीएफ. धुरातली काजळी या फिल्टरच्या जाळीत अडकते, साचली की गाडी स्वतःच ती 600 अंशांच्या आसपास जाळते. त्यासाठी इंजिन तापलेलं आणि गाडी सलग चालती लागते. बाग ते शेड, शेड ते गाव अशी तुकड्यातुकड्यात पळवली की जळणं अर्धवट राहतं, वर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर लेव्हल चढलेली दिसली तर ऑइल बदला. आयडल (उभ्या गाडीचं आरपीएम) वाढलंय, पंखा जोरात फिरतोय, गरम वास येतोय, म्हणजे काजळी जळतेय, अशा वेळी चावी बंद करू नका. सरळ हायवेला काढा. तुमची वाशीची खेप त्या जाळीचं औषधच आहे. नुसतं पिंपळगाव असतं तर मी सीएनजी बघा म्हणालो असतो.

जाळी कापून टाकायला सांगणारे भेटतील. ऐकू नका. वॉरंटी जाते, कायद्यात बसत नाही आणि तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

सांगलीचा गाडीवाला
भाऊ, शेतावर बॅरलमध्ये डिझेल साठवत असाल तर ते या गाडीत ओतू नका. कॉमन रेलच्या (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजेक्टरला पाण्याचा थेंब सोसत नाही.

निफाडचा बागायतदार
बॅरल आहेच, बरं झालं सांगितलंत. डीईएफ (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण) लागलं तर घरचा युरिया विरघळवून चालतो का? इकडे एकजण तसं म्हणतो.

नारायणगावकर
अजिबात नको! डीईएफमध्ये 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. आपल्या खताच्या युरियाला कडुनिंबाचं कोटिंग असतं, त्याने धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट कामातून जातो. सगळ्या मॉडेलना डीईएफ लागत नाही, बुकिंगआधीच विचारा.

आणि लोड. 1.7 टनाच्या गाडीत 20 किलोची कॅरेटं, रिकाम्या कॅरेटचं वजन धरून, 75च्या आसपास बसतात. लोक 100 चढवतात. वाशीला जाताना कसारा घाट उतरताना तसं करू नका दादा. ज्या गिअरला चढता त्याच गिअरला उतरा, नुसत्या ब्रेकवर नको.