मदत हवी आहे: पाइनफोनवर टेसरॅक्ट बसत नाही, एपीटी अपडेटच अडकतंय

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. माझ्याकडं सेकंडहँड पाइनफोन (लिनक्सवर चालणारा फोन) आहे, २ जीबी रॅमवाला, त्यावर मोबियन आहे म्हणजे फोनसाठीचं डेबियन लिनक्सच. लॅपटॉप नाही, जे काय करायचं ते ह्याच्यावरच. आमच्या पेठेतल्या तालमीचे जुने छापील वार्षिक अहवाल एका कपाटात आहेत, २०१९ च्या पुरात खालचा कप्पा भिजला आणि त्यातली पानं आता हात लावला की सुटायला लागलीत. पाइनफोनचा कॅमेरा ५ मेगापिक्सेलचाच, म्हणून भावाच्या फोननं फोटो काढून एसडी कार्डानं ह्यात आणायचे आणि टेसरॅक्टनं (फोटोतली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) मराठी मजकूर काढून ठेवायचा असं ठरवलंय. किल्ली ज्या काकांकडं आहे ते अहवाल बाहेर नेऊ देत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं, त्यामुळं पान परत ठेवायच्या आधी मजकूर नीट आलाय का ते तिथंच बघायला पाहिजे आणि त्या खोलीत नेटची रेंज नाही.

तर झालं असं, श्रावणात अपग्रेड चालू असताना लाइट गेली, बॅटरी आधीच कमी होती, फोन मधेच बंद पडला. मग गणपतीची गडबड, फोन तसाच पडून राहिला. परवा चालू केला तर आधी डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) अर्धवट थांबलंय, "डीपीकेजी --कॉन्फिगर -ए" चालवा म्हणून आलं, ते चालवलं, बराच वेळ घेतला पण झालं. घड्याळ दोन-अडीच तास मागं होतं ते सेटिंगमधनं ऑटोमॅटिक बंद करून हातानं लावलं. आता पॅकेजची यादी ताजी करायला "सुडो एपीटी अपडेट" दिलं की सर्व्हरवरच्या यादीची रिलीज फाइल अजून वैध नाही, आणखी ४१ दिवस वैध होणार नाही असं म्हणतंय, आणि तसंच टेसरॅक्ट टाकायला गेलं तर दोन-तीन पॅकेजना ४०४ (फाइल सापडत नाही) येतंय. मिरर म्हणजे पॅकेज उतरवायचा सर्व्हर बदलला, तेच. मित्राच्या लॅपटॉपवरची टेसरॅक्टची डेब फाइल (डेबियनचं पॅकेज) आणून बघितली तर एएमडी६४ आहे, सिस्टिम एआरएम६४ आहे म्हणून घेतच नाही. जागा ६ जीबी मोकळी आहे.

सगळं पुसून मोबियन परत टाकू का? कालच अजून एका अहवालाचं मुखपृष्ठ तुटलं हो, जास्त थांबता येत नाही.

प्रतिसाद १
काही पुसू नका. तुमच्या फोनची तारीख बघा, नुसती वेळ नको. बॅटरी पार संपली की पाइनफोनचं घड्याळ थांबतं आणि चालू झाल्यावर शेवटची जतन केलेली वेळ धरून बसतं. तुम्ही तास-मिनिटं नीट केली पण दिवस श्रावणातलाच राहिला असणार, आणि ऑटोमॅटिक बंद केल्यामुळं नेटवरनं तो दुरुस्तही होईना. सर्व्हरवरची यादी आजची, फोनच्या हिशेबानं ती ४१ दिवस पुढची, म्हणून एपीटी ती नाकारतंय आणि फोनमधली जुनीच यादी वापरतंय. त्या यादीतल्या आवृत्त्या सर्व्हरवरनं कधीच निघून गेल्यात, ४०४ त्याचंच. "सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू" द्या, म्हणजे एनटीपी चालू होऊन तारीख-वेळ नेटवरनं लागेल, दोन मिनिटं थांबा, नुसतं "टाइमडेटसीटीएल" देऊन तारीख बघा आणि मग अपडेट. तारीख तपासूच नको असं एपीटीला सांगायचा पर्याय नेटवर कुणीतरी सुचवेल, तो घेऊ नका, कुणी जुनी यादी गळ्यात मारू नये म्हणूनच ती तपासणी ठेवलीय.

आणि मित्राची फाइल इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरची, पाइनफोनचा ऑलविनर ए६४ एआरएमचा. ती कधीच चालायची नाही, त्यात वेळ घालवू नका.

प्रतिसाद २
वरच्यांनी सांगितलंय तेच. फक्त नुसतं "टेसरॅक्ट-ओसीआर" टाकून थांबू नका, त्याच्याबरोबर इंग्रजीच येतं. मराठीसाठी "टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर" वेगळं टाकायचं. अपग्रेड अर्धवट झालं होतं म्हणून आधी "सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल" पण देऊन घ्या, आणि चार्जर लावूनच.

धागाकर्ता
झालं!! तारीख खरंच श्रावणातली होती, मी वरची वेळच बघत होतो. एनटीपी चालू केल्यावर अपडेट एका दमात गेलं, आत्ता तालमीतनंच आलोय, सहा पानं काढली. मजकूर वाचण्यासारखा येतोय, जोडाक्षरं काही ठिकाणी चुकतात ती काकांनी तिथंच वाचून दाखवली आणि मी दुरुस्त केली. एकच अडचण, देणगीदारांच्या यादीत नावं सगळी एकीकडं आणि रकमा सगळ्या खाली वेगळ्या येतात, कुणी किती दिले तेच कळत नाही.

प्रतिसाद २
त्या पानांना "--पीएसएम ६" लावून बघा, मग ते पानाचे रकाने पाडत नाही, अख्खी ओळ सरळ वाचतं.

धागाकर्ता
लावलं, नावासमोर रक्कम आली. काकांच्या वडिलांचं नाव निघालं त्यात, ५ रुपये. उद्या परत जातोय, खालचा कप्पा आधी घेतो.