विन्थ्रॉप विरुद्ध लेचमिअर: हा थॉमस नक्की कोणाचा कोण?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथं सोलापुरातच. प्रोजेक्टला सरांनी अमेरिकेतला जुना वारसा खटला दिलाय, विन्थ्रॉप विरुद्ध लेचमिअर. कायदा कळला ओ, माणसंच कळेनात. वेट स्टिल विन्थ्रॉप १७१७ ला बॉस्टनमध्ये मृत्युपत्र न करता वारला, कनेक्टिकटमध्ये जमीन भरपूर, मुलगा जॉन दावा लावतो, इथपर्यंत ठीक. पण जॉन किती आहेत बघा की. वेट स्टिलचा बाप जॉन, आजा जॉन, भाऊ फिट्झ-जॉन, मुलगा जॉन आणि नातू जॉन स्टिल. वर समोरच्या बाजूच्या थॉमस लेचमिअरला कागदात ‘ब्रदर’ म्हटलेलं वाचलं म्हणून मी त्याला जॉनचा भाऊ धरला, वेट स्टिलला तीन पोरं दाखवली आणि आडनाव वेगळं का ते कळेना म्हणून सावत्र लिहून मोकळी झाले. निकालाची तारीख पण एकीकडं फेब्रुवारी १७२७, एकीकडं १७२८. दोन निकाल आहेत का? सोमवारी वंशावळ दाखवायचीय.

दिवाणीवाले_काका:
अगं, सावत्र वगैरे काही नाही, जावई आहे तो. वेट स्टिलची मुलगी ॲन, तिचा नवरा थॉमस. त्या काळी इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईला एकटीनं दावा लढवता येत नव्हता, नवरा सोबत लागायचा, म्हणून केसला नाव पडलं लेचमिअरचं आणि जिच्या हक्कावरून भांडण ती ॲन मागं गेली. आपल्याकडं सातबाऱ्यावर बहिणींची नावं इतर हक्कात सरकवतात ना, तसंच, वरवर वाचणाऱ्याला पोरगी दिसतच नाही. जुनी केस हातात आली की आधी बघायचं, हा गडी स्वतःच्या हक्कानं उभा आहे की बायकोच्या.

दुसरं म्हणजे नात्याच्या शब्दावर जाऊ नको, हिश्श्यावर जा. कनेक्टिकटच्या १६९९ च्या कायद्यात सगळ्या मुलांना वाटा आणि थोरल्या मुलाला दुप्पट. मग दोन पोरं असली की तीन भाग पडणार, जॉनला दोन, ॲनला एक. तू म्हणतेस तशी तीन पोरं असती तर चार भाग पडले असते. थोरला मुलगा दुप्पट घेत असेल तर एकूण भागातून एक वजा कर, तेवढी पोरं. आणि एकाच भागावर चार जणांची नावं दिसली तर समजायचं मधलं एखादं लेकरू आधीच गेलंय आणि ही त्याची पोरं आहेत.

हत्तुरे_वस्ती:
थोरल्याला जास्त म्हणजे आपली वडीलकीच की. वतनात पण असंच होतं.

दिवाणीवाले_काका:
नाही हो. वडीलकी म्हणजे मुख्यतः मान, पान, शिक्का आधी. उत्पन्नाच्या तक्षिमा, म्हणजे वाटे, धाकट्यांना मिळायच्याच. जॉन जे मागत होता ते इंग्लंडचं, जमीन सगळी थोरल्या मुलाची, बहिणीला त्यातलं शून्य. कनेक्टिकटच्या कोर्टात ऐकलं नाही म्हणून गडी १७२६ ला लंडनला गेला, प्रिव्ही कौन्सिलनं (वसाहतींची अपिलं ऐकणारं इंग्लंडच्या राजाचं मंडळ) त्याचं ऐकलं आणि कनेक्टिकटचा कायदाच रद्द केला. हीच ती प्रिव्ही कौन्सिल, जिथं टिळकांच्या ताई महाराज प्रकरणाचा निकाल १९१५ ला लागला. तिकडचं पुढं १७४५ ला क्लार्क विरुद्ध टाउसी केसमध्ये वारं फिरलं आणि सगळ्या पोरांना वाटा हेच टिकलं. जॉन मात्र परत गेलाच नाही, १७४७ ला लंडनलाच वारला.

पूर्वभाग_पद्मशाली:
ब्रदरचं मला नवल वाटलं नाही 😄 आमच्यात मामा-भाचीची लग्नं व्हायची, माझी आजी ही आजोबांची सख्खी भाची. आता त्यांना कागदावर तिचा मामा लिहा नाहीतर नवरा, दोन्ही खरंच. जुन्या इंग्रजी कागदात उलटी गंमत, शब्द एक आणि माणसं दहा. भाऊ, मेहुणा, साडू सगळे ब्रदर. सन म्हणजे जावई पण असू शकतो. कझिन म्हणजे पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा. आणि इन-लॉ लावलेलं दिसलं तर सावत्र नातं पण असतं, तेव्हा तू सावत्र लिहिलंस ते अगदीच हवेत नव्हतं, फक्त चुकीच्या माणसाला चिकटलं. सिनियर-ज्युनियर म्हणजे बाप-लेकच असंही धरू नको, गावात एका नावाचे दोघं असले की वयानं मोठा तो सिनियर, काका-पुतणे असोत नाहीतर काही संबंध नसो.
थॉमसचा खरा सख्खा भाऊ म्हणजे निकोलस लेचमिअर, इंग्लंडचा ॲटर्नी जनरल होता तो. त्याला तक्त्यात बाजूला घाल, म्हणजे ब्रदर कोण ह्याचा घोळ संपेल.

पंचांगप्रेमी:
निकाल एकच आहे, १५ फेब्रुवारी. १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायद्यातलं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून तिथले लोक फेब्रुवारीत अजून १७२७ लिहीत होते आणि आपल्या हिशोबानं ते १७२८. आपला शक कसा पाडव्याला बदलतो, गड्ड्याची यात्रा जानेवारीत भरते तरी शक जुनाच असतो, तसं. जुन्या तारखा १७२७/८ अशा तिरकी रेघ मारून लिहितात ते ह्यासाठीच. जानेवारी ते मार्चमधले जन्म-मृत्यू तपासून घे, नाहीतर बाप मेल्यावर वर्षानं पोरगं जन्मलं असं निघेल.

जुळे_सोलापूरकर:
सगळ्यांना थँक्यू, काका तुम्हाला डबल (थोरल्याचा वाटा 😅). तक्ता पुन्हा काढायला बसले तर अजून एक घोळ सापडला. जॉनच्या बायकोचं नाव पण ॲन, ती मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जोसेफ डडली ह्याची मुलगी. मी दोन्ही ॲन एकच समजून बहिणीच्या खाली डडलीला बाप लावून ठेवलं होतं, म्हणजे वेट स्टिलला स्वतःच्याच मुलीचा सासरा करून टाकलं. पेन्सिलनं काढलं होतं म्हणून वाचले.