मदत हवी आहे : अ‍ॅसिरियन सैन्य आणि प्राचीन अरब यांच्या लढाईचे चित्र

कुंचलाधारी :
नमस्कार. एका दिवाळी अंकातील लेखासाठी मला अ‍ॅसिरियन (आजच्या इराकमधल्या प्राचीन साम्राज्याचे) घोडदळ आणि अरब उंटस्वार यांच्या लढाईचे दोन पानी चित्र काढायचे आहे. कच्चे रेखाटन संपादकांना पसंत पडले आहे, पण अरबांचा पोशाख, शस्त्रे आणि उंटावरची बैठक यांचे तपशील कुठेच नीट मिळत नाहीत. शोधायला जावे तर डोक्याला रुमाल बांधून वाकडी तलवार उगारलेले घोडेस्वारच समोर येतात. शुक्रवारी रंगकाम सुरू करायचे आहे, तेव्हा 'अमुक ग्रंथ वाचा' असे न सांगता नेमके काय काढावे ते कृपया सांगावे.

जुना_वाचक :
लढाई कोणत्या राजाच्या काळातली आहे, हे आपण लिहिलेलेच नाही. इ.स.पू. ८५३ मध्ये सीरियातील कर्करच्या लढाईत अ‍ॅसिरियन राजा शाल्मनेसर तिसऱ्याच्या विरुद्ध दमास्कस आणि इतर राज्यांच्या बाजूने गिंदिबू नावाचा अरब १००० उंट घेऊन उतरला होता; अ‍ॅसिरियन राजा असुरबनिपालने अरबांवर स्वाऱ्या केल्या त्या त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी. एवढ्या काळात अ‍ॅसिरियन घोडदळ पार बदलले.

कुंचलाधारी :
लेखात एका अरब राणीचा पराभव आहे. एवढ्यावरून ओळखता यावे.

जुना_वाचक :
येत नाही. अशा अरब राण्या अनेक आहेत : जबिबेने अ‍ॅसिरियन राजा तिग्लथ-पिलेसर तिसऱ्याला खंडणी दिली, सम्सी त्याच्याशी लढली आणि तेएल्खुनू नंतरचा राजा सेनाखेरिब याच्या हाती लागली. यांपैकी कोण?

कुंचलाधारी :
सम्सी.

शिल्पवेडा :
मग काम सोपे आहे, कारण तिग्लथ-पिलेसरच्या निमरूद येथील राजवाड्यातील कोरीव शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांची छायाचित्रे सहज पाहता येतात. एका शिळेवर भालाईत घोडेस्वार उंटावरून पळणाऱ्या अरबाचा पाठलाग करत आहेत आणि खाली माणसे पडलेली आहेत. दुसरीवर उंटांच्या कळपाबरोबर एक स्त्री आहे. अरबांच्या लढाईचे अधिक भरगच्च दृश्य मात्र असुरबनिपालच्या निनेवे येथील राजवाड्यात आहे. तिथे एका उंटावर दोघे बसलेले दिसतात, पुढचा उंट हाकतो आणि मागचा वळून पाठलाग करणाऱ्यांवर बाण सोडतो. अंग उघडे, कमरेला आखूड वस्त्र, मोकळे लांब केस, दाढी आणि हातात धनुष्य, एवढाच त्यांचा सरंजाम आहे. ना चिलखत, ना ढाल, ना वाकडी तलवार. उंटाच्या पाठीवर लाकडी खोगीर नव्हे, तर पट्ट्याने बांधलेली गादी काढावी. रिकीब दोन्ही पक्षांकडे नाही. अ‍ॅसिरियन स्वारही घोड्याच्या पाठीवर नुसते कापड टाकून बसत.

मरुभूमी :
आखातात नोकरी करताना मी उंट पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून सांगतो. दुडक्या चालीत उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो आणि चित्रकार त्याला हमखास घोड्यासारखा धाववतात. शिवाय उंटाच्या वासाने घोडा बिथरतो. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितले आहे की इराणचा राजा सायरस याने सार्डिसच्या लढाईत उंट पुढे ठेवून लिडियाचा राजा क्रीसस याचे घोडदळ असेच उधळून लावले. तुमच्या चित्रात पुढचे घोडे उधळलेले हवेत.

शिल्पवेडा :
चालीचे मान्य, उधळण्याचे नाही. सायरस सुमारे दोनशे वर्षांनंतरचा आहे, आणि या शिळांवर घोडे उंटांच्या अगदी लगत, बेधडक दौडताना दिसतात.

मरुभूमी :
शिळा कोरणारे राजाच्या पदरी होते. स्वतःच्या धन्याचे घोडे घाबरलेले त्यांनी कशाला दाखवले असते?

जुना_वाचक :
ते खरे, पण म्हणून उलट बाजूचे चित्र आपोआप सिद्ध होत नाही. अ‍ॅसिरियन स्वारांबद्दल एक पथ्य पाळावे : शाल्मनेसरच्या काळात दोन स्वार जोडीने जात, एक दोन्ही घोड्यांचे लगाम धरी आणि दुसरा बाण सोडी, सम्सीच्या काळात मात्र प्रत्येक स्वार आपला घोडा स्वतः सांभाळतो आणि भाला चालवतो. घोड्यांच्या अंगावरची संरक्षक झूल नंतरच्या काळातली आहे, ती असुरबनिपालसाठी ठेवा.

रंगपेटी :
जलरंगात करणार असाल तर ३०० ग्रॅमचा कागद घ्या, पातळ कागदाला वाळूच्या रंगाचे थर सोसत नाहीत.

कुंचलाधारी :
कागदाबद्दल मी विचारलेले नाही, चित्र टॅबवर होणार आहे. रेखाटनात मागे किल्ल्याचा तट आणि खजुराची झाडे आहेत, ती ठेवावीत का?

जुना_वाचक :
हे पहिल्याच नोंदीत सांगायला हवे होते. तट हवाच असेल तर सेनाखेरिबच्या काळातले अदुम्मातू, म्हणजे आजच्या सौदी अरेबियातील दुमत अल-जंदल, हा विषय घ्यावा लागेल. सम्सीच्या बाबतीत कोरीव लेखात जळालेले तंबू आहेत, आणि लुटीत ३०,००० उंट मोजलेले आहेत. आकडा फुगवलेला वाटतो, पण पार्श्वभूमीला उंटांचे लांबवर पसरलेले कळप हवेत हे त्यावरून कळते.

शिल्पवेडा :
आणि वाळूच्या टेकड्या नकोत. सीरियाचे वाळवंट बहुतेक खडकाळ, खुरट्या झुडपांचे माळरान आहे.

कुंचलाधारी :
तट पुसून टाकतो, तंबू घालतो. उंटावर दोघे बसवू की एकच, हे मात्र आज ठरवून सांगा.

शिल्पवेडा :
सम्सी असेल तर एकच. दोघांची जोडी असुरबनिपालच्या शिळांवरची आहे.

मरुभूमी :
माझ्या मते दोघे बसवा. मागे वळून बाण मारणारा नसेल तर ती लढाई न दिसता नुसती पळापळ दिसेल.